न बोचणारा खिळा

"चाकू असा पायजे, का हातात हाय हेच इसरलं पायजे."

श्रावण तायडे हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. कोणी विचारो न विचारो. लग्नाच्या पंगतीत एखाद्यानं सुपारी कातरायला अडकित्ता काढला, तरी श्रावण त्याच्याकडे पाहून मान हलवायचा आणि हेच म्हणायचा. लोक हसायचे. त्याची बायको पंचफुला हसायची नाही. तेहतीस वर्षं ऐकून ते वाक्य तिच्या कानाला चुलीवरच्या आधणासारखं झालं होतं, असलं तरी ऐकू येत नसे.

श्रावण डोळे बांधणारा माणूस. चांदूर बाजारपासून दोन कोसांवर खुशालरावांची संत्र्याची नर्सरी आहे, तिथं तो अर्ध्या जन्मापासून कामाला. परक्या मुलखातल्या माणसाला वाटतं, संत्र्याची बी लावली की संत्र्याचं झाड येतं. आमच्याकडे तसं करत नाहीत. आधी जंबेरीचं, म्हणजे आंबट रानलिंबाचं, रोप वाढवतात. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला एक उभा आणि एक आडवा काप द्यायचा. मग चांगल्या, गोड संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेत झोपलेला बारीकसा कोंब, सालीसकट अलगद उचलायचा आणि त्या कापात बसवायचा. वरून पट्टी बांधायची. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून पाहायचं. डोळा हिरवा असला तर झाड झालं. काळा पडला तर मेला.

सगळं त्या कापात असतं. काप सालीइतकाच खोल जायला हवा. केसभर जास्त गेला तर लाकडाला लागतो आणि डोळा मरतो. आणि हे केसाचं माप डोळ्यांना दिसत नाही बरं. ते बोटांना कळतं. चाकूच्या पात्यातून, मुठीतून, चामडीतून ते आत येतं, आणि हात आपोआप थांबतो. श्रावणचा हात असा थांबायचा, की जुने लोक म्हणत, याच्या बोटांच्या शेंड्यांना जीभ आहे.

त्याचा चाकू शेषरावांनी दिलेला होता. शेषरावांच्या हाताखाली तो काम शिकला. शिकणं संपलं त्या दिवशी म्हाताऱ्यानं चाकू त्याच्यासमोर मातीवर ठेवला आणि म्हटलं, "उचल." धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, दिली तर दोघांत वैर येतं, ही आमच्याकडची रीत. भुईवर ठेवायची, दुसऱ्यानं भुईवरून उचलायची. श्रावणच्या घरातून छप्पन साली त्याच्या आजोबानं सगळे देव बाहेर काढले, नवस गेले, अंगारे गेले. ही एक रीत मात्र राहून गेली. कोणी डिवचलं तर श्रावण म्हणायचा, "हे देवाचं नाही बाप्पा, लोखंडाचं हाय."

चाकू मिटायचा होता. मिटला की चार बोटांत मावे. शिसवाची मूठ, कडा गोल झालेल्या, खिशात असला तर मांडीला कळू नये असा. पेरू चिरायला तोच, सुतळी कापायला तोच, पायातला काटा काढायला तोच. डोळे बांधायच्या आधी मात्र तो पातं उकळत्या पाण्यात बुडवून घ्यायचा, कारण झाडाचा रोग चाकूवर बसून एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो, आणि ज्याच्या चाकूनं रोग नेला त्याला मग कोणी बागेत उभं करत नाही.

वीस-बावीस वर्षं धार लावून लावून ते पातं लिंबाच्या पानासारखं बारीक झालं. तेव्हापासून श्रावण दुसऱ्या चाकूच्या शोधात होता. शोध कसला, छंदच म्हणा. चांदूर बाजारच्या हार्डवेअरवाल्यानं त्याला पायरीवर पाहिलं की नोकराला म्हणावं, "श्रावणभाऊ आले. आता जेवण करून घ्या, तासभर दुसरं गिऱ्हाईक होत नाही."

आणि खरंच तास लागे. श्रावण आधी मिटलेला चाकू मुठीत धरून डोळे झाकायचा. मग तो उजव्या खिशात टाकून दुकानातच उकिडवा बसायचा, उठायचा, रस्त्यापर्यंत चालून यायचा. मग अंगठ्याच्या नखानं पातं उघडायचा, आणि हवेतच शंभर काप द्यायचा. शेवटी चाकू फरशीवर ठेवायचा.

"काय झालं?"

"पोट मोठं हाय याचं. बोटं मिटत नाहीत."

"अन् हा?"

"जड हाय. खिसा लोंबते."

"हा तर पंजाबातला हाय भाऊ, एक नंबर."

"असंल. अंगठ्याच्या बुडाशी टोचते."

"अंगठाच दुसरा घ्या मग!" दुकानदार म्हणायचा, आणि सगळं दुकान हसायचं. श्रावणही हसायचा. अंगठ्याच्या बुडाशी काय टोचतं ते फक्त त्यालाच कळायचं, आणि त्या कळण्याचा त्याला अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, एक फिकट चट्टा आला. रुपयाएवढा. खाजत नव्हता, दुखत नव्हता. "फवारणीचा डाग," तो म्हणाला. पंचफुलानं खोबरेल लावलं. चट्टा गेला नाही, पण काही करतही नव्हता, तेव्हा दोघंही त्याला विसरले.

मागच्या हंगामात खुशालराव वाफ्यात उभे राहून पट्ट्या सोडून पाहत होते. पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "श्रावण, औंदा काय झालं बाप्पा? अर्धे डोये काये पडले."

श्रावणनं एक रोप हातात घेतलं, उन्हाकडे धरलं. काप लाकडापर्यंत गेलेला होता. एक नाही, सगळे.

"चाकू गेला मालक," तो म्हणाला. "पातं पातळ झालं, हाताले समजतच नाही कुठंलोक गेलं ते."

खुशालरावांना पटलं. सगळ्यांनाच पटलं. पंचफुलालाही. आणि या कार्तिकात ते पातं खरोखरच मोडलं, मधोमध, आवाजही झाला नाही. श्रावणनं पात्याचे दोन्ही तुकडे लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून फळीवर ठेवले.

मग खरा शोध सुरू झाला. चांदूर बाजार झालं, अमरावतीचा बाजार झाला, मूर्तिजापूर झालं. लेक भावना अकोल्याला दवाखान्यात नर्स आहे, तिच्याकडे दोन दिवस गेले तेव्हा तिथली दुकानंही झाली. पंचफुला सोबत असायची. आणि तिला काहीतरी निराळं दिसू लागलं, पण काय ते सांगता येईना. पूर्वी श्रावण एका श्वासात चाकू नाकारायचा. पोट मोठं, जड, टोचते. आता तो एकच चाकू धरून बसून राही. डोळे झाकी, उघडी. डाव्या हातात घेई, पुन्हा उजव्यात. दुकानदार विचारी, "कसा हाय?" आणि श्रावण म्हणे, "समजून नाही राहिलं."

तेहतीस वर्षांत तिनं त्याच्या तोंडून चाकूबद्दल हे शब्द ऐकले नव्हते.

पौषात ते बहिरमच्या जत्रेला गेले. सातपुड्याच्या पायथ्याला महिनाभर ही जत्रा भरते. मातीच्या हंड्यांमध्ये मटण शिजत असतं, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत असतात, आणि धूर डोंगराला टेकून उभा राहतो. जत्रेच्या टोकाला गाडीलोहारांची पालं होती. एक लोहारीण गोणपाटावर विळे, खुरपी, अडकित्ते मांडून बसली होती. मागे तिचा नवरा ऐरणीवर ठोकत होता.

श्रावण खाली बसला. एक चाकू उचलला. मिटायचा, लाकडी मुठीचा, ओबडधोबड. मुठीत धरून त्यानं डोळे झाकले.

पंचफुला त्याच्याकडे पाहत उभी होती. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू आलं. लग्नाच्या वर्षी पहिल्यांदा त्याचे सगळेच्या सगळे डोळे जगले होते, तेव्हा आलं होतं तसं.

"पंचफुले," तो म्हणाला, "हाच."

"हाच? एवढ्यात?"

"काहीच समजत नाही व हातात. जसा काही नाहीच. इसराले लावते." त्यानं डोळे उघडले. "एवढी दुकानं फिरलो, अन् हा इथं गोणपाटावर पडून होता."

लोहारीण विळ्याला फडकं मारत होती. तिनं वर पाहिलं. "काका, वो रख दो. उसका कील घिसना बाकी है. दूसरा देती हूं."

"कुठं खिळा?" श्रावण म्हणाला. "काही नाही लागत."

"अरे काका, नोक है उसपे. हाथ फट जाएगा."

"नाही लागत म्हणतो ना बाई." आणि त्यानं चाकू मिटून पंचफुलासमोर मातीवर ठेवला. "पाय बरं तू."

पंचफुलानं चाकू उचलला. मुठीत धरला, तशीच तिची मूठ उघडली. अंगठ्याच्या बुडाशी रक्ताचा थेंब आला होता. मुठीच्या पोटाला खिळ्याचं डोकं कच्चं राहिलं होतं, बाभळीच्या काट्यासारखं टोकदार.

"बोला था ना," लोहारीण म्हणाली. "कील."

श्रावण हसला. "बाईमानसाचे हात. नरम."

पंचफुलानं आपल्या हाताकडे पाहिलं. लहानपणापासून कापूस वेचणारे हात. फुटलेल्या बोंडांची टोकं त्यांना किती वर्षांत लागली नव्हती. त्या हाताला हा खिळा लागला होता, आणि ज्याच्या बोटांना जीभ होती त्याला लागला नव्हता.

श्रावणनं चाकू घेतला. लोहारणीनं घासून देते म्हणून कानस हातात घेतली होती, पण तो थांबला नाही. परत येताना बसमध्ये त्याचा हात सारखा खिशावर होता.

पंचफुलाच्या बापाला एक बहीण होती, पार्बताबाई. तिला माहेरी परत पाठवलं तेव्हा पंचफुला सहा-सात वर्षांची असेल. त्याच्याही आधी, आत्या धडधाकट होती तेव्हा, बायका तिचं फार कौतुक करायच्या. आत्या चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उतरवायची. निखारा बोटांत धरून बाजूला करायची. "काय कणखर हात बाईचे!" बायका म्हणायच्या, आणि आत्या लाजायची. मग तिच्या बोटांना जखमा होऊ लागल्या आणि भरेनात. मग बोटं वळली. मग लोक महारोग म्हणाले, आणि तिला गोठ्याच्या मागं झोपडी बांधून दिली. आई भाकर घेऊन जायची, पाच पावलांवर थांबायची, भाकर भुईवर ठेवायची आणि म्हणायची, "उचल बाई." एका सकाळी आत्या उठून रानाच्या वाटेनं चालू लागली. सगळं गाव आपापल्या दारात उभं राहून पाहत होतं. कोणी हाक मारली नाही. ती परत आली नाही. पंचफुला उंबऱ्यावर उभी होती, आईनं तिचा खांदा घट्ट धरून ठेवला होता.

त्या खांद्याची कळ आता, पंचेचाळीस वर्षांनी, बसमध्ये तिला पुन्हा लागली.

घरी आल्यावर ती श्रावणच्या हातांवर नजर ठेवू लागली. चहाचा काचेचा ग्लास तिला पदरानं धरावा लागे, तो त्याला सगळा हात लपेटून धरी. शर्टाची गुंडी लावताना तो खाली पाहून लावू लागला होता, आणि हे कधीपासून, तिला आठवेना. चाकूवर मात्र तो खूष होता. "पायलं? शेवटी भेटलाच." गावभर सांगत सुटला.

चार दिवसांनी नर्सरीत डोळे बांधायचं काम लागलं. श्रावण पुढं वाफ्यात बसून काप देत, डोळे बसवत चालला होता. मागून पंचफुला, रागिणी आणि आणखी दोघी पट्ट्या बांधत येत होत्या. रागिणी शेजारच्या आळीतली, तोंडाची फटकळ.

"अवो श्रावणभाऊ," ती ओरडली, "डोये बांधून राहिले का कुंकू लावून राहिले?"

बायका हसल्या. पंचफुलानं पाहिलं. जंबेरीच्या रोपांना, एका ओळीत, प्रत्येक कापाखाली लाल बोट उमटलं होतं. पहिल्या रोपावर फिकट, मग गडद, मग ओघळ. वीस-पंचवीस रोपं.

श्रावणनं मागं वळून रोपांकडे पाहिलं. मग त्यानं आपली मूठ उघडली. चाकूची मूठ रक्तानं भिजली होती, आणि अंगठ्याच्या बुडाशी खिळ्यानं चामडी फाडून खड्डा केला होता. तो त्या हाताकडे पाहत राहिला. दुसऱ्या कोणाचा हात कुणी आणून त्याच्या मांडीवर ठेवावा, तसा.

"खिळा असंल," तो म्हणाला.

"असंल काय, दुखत नाही का?" रागिणी म्हणाली. "माणूस हाय का लाकूड?"

श्रावणनं हात पँटीला पुसला, चिंधी गुंडाळली आणि पुढच्या रोपाला काप दिला. खाली मान घालून पट्टी बांधताना पंचफुलाला दिसलं, काप लाकडापर्यंत गेलेला आहे.

दुपारी जेवायच्या सुट्टीत तिनं शेडनेटच्या मागं जाऊन भावनाला फोन लावला. बोलता बोलता ती तीनदा थांबली. चट्टा, ग्लास, खिळा. भावनानं मधे एकदाही टोकलं नाही.

"आई," शेवटी ती म्हणाली, "बाबाले उद्याच अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात ने."

"तेच हाय का व?"

"डॉक्टर सांगतील. पण असंल तर औषध हाय. फुकट हाय. सहा महिने, नाही तर वर्षभर. पार्बताबाईच्या येळचं राहिलं नाही आता. चांगला होते माणूस."

"अन् हात?"

"जे गेलं ते परत येईलच असं नाही," भावना म्हणाली. "जे राहिलं ते वाचते. म्हणून उद्या. पुढच्या आठवड्यात नाही, हंगाम झाल्यावर नाही. उद्या, आई. अन् त्यायचे तळपायही पाहून घे. मी फोन करतो त्यायले?"

"नको. तुयापुढं ते हसतीन अन् इषय उडोतीन. मीच सांगतो."

पण सांगायचं कसं? ज्या माणसाचं सगळं असणं त्या बोटांच्या शेंड्यांवर उभं होतं, त्याला काय सांगायचं? पाय पाहायचं, तेही मग तिच्या ध्यानातून गेलं.

दिवेलागणीला श्रावण अंगणात बसला होता, हाताला हळद लावलेली. पंचफुलानं पदरात थोडं धान्य घेतलं आणि त्याच्यासमोर मांडी घातली.

"डोये झाका."

"काहून?"

"झाका म्हणतो ना. डावा हात इकडं करा."

"आता या वयात काय खेळ काढला व," तो म्हणाला, पण डोळे झाकले. तिनं डाव्या तळहातावर दाणा ठेवला.

"तूर," तो लगेच म्हणाला.

दुसरा.

"हरभरा. त्यातही फुटका हाय." तो खुशीत आला होता. "जवारी ठेव, कोणत्या जातीची हाय तेही सांगतो."

"आता उजवा."

त्यानं उजवा पुढं केला. जखमेची चिंधी बाजूला सारून तिनं बोटांच्या मुळाशी तुरीचा दाणा ठेवला. तो वाट पाहत होता. तिनं हरभरा ठेवला. कुठल्याशा घरात कुकरची शिट्टी झाली.

"ठेव ना," तो म्हणाला.

तिनं हात पुढं नेला.

"पंचफुले, काहून ठेवून नाही राहिली?"

"ठेवलं," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. त्याच्या उजव्या तळहातावर तुरीचा दाणा होता, हरभऱ्याचा दाणा होता, आणि तिचं बोट होतं. तिनं ते तिथं जोरानं दाबून धरलं होतं, नख पांढरं होईपर्यंत.

श्रावण त्या बोटाकडे पाहत राहिला. अंगणात अंधार उतरत होता, तो आधी हातांवर उतरला आणि मग चेहऱ्यांवर.

"चाकू चांगला हाय," तो हळूच म्हणाला. "मूठ चांगली हाय त्याची."

"हो."

"तुया आत्याले कसं समजलं होतं?"

"तिले नाही समजलं. आमाले समजलं."

भावनानं सांगितलेलं सगळं तिनं त्याला सांगितलं. औषध, सहा महिने, वर्ष, गेलेलं आणि राहिलेलं. त्यानं ऐकलं. मग उठून त्यानं आपली सतरंजी ओसरीच्या पार टोकाला नेऊन टाकली. जेवायची वेळ झाली तेव्हा तिथूनच म्हणाला, "ताट तिथंच भुईवर ठेव. मी उचलतो."

पंचफुला भाकर घेऊन उभी राहिली. तिला आई दिसली, पाच पावलांवर थांबलेली. भाकर हातात गरम होती, हात पोळत होता. ती चालत ओसरीच्या टोकाला गेली आणि भाकर धरून उभीच राहिली. पुष्कळ वेळानं त्यानं डावा हात वर केला.

"तो नाही," ती म्हणाली. "दुसरा."

सकाळी त्यानं धुतलेला शर्ट घातला. गुंड्या खाली पाहून लावल्या. पिशवीत आधार कार्ड आणि दोन भाकरी. पंचफुला पातळ नेसून तयार होती.

"तू नको येऊ."

"येतो मी संग."

"दोघंही गेलो तर रागिणी इचारंल. खुशालराव इचारंल. वाफ्यात डोये उघडे पडतीन. मी जातो, दाखोतो, येतो."

"येसान ना?"

तो हसला. खिशातून त्यानं चाकू काढला. तेहतीस वर्षांत तो खिशात चाकू नसताना घराबाहेर पडला नव्हता. पातं मोडलं तेव्हाही त्यानं मोकळी मूठ काही दिवस खिशात बाळगली होती. त्यानं वाकून चाकू उंबऱ्याजवळ मातीवर ठेवला.

"दवाखान्यात चाकू कशाले," तो म्हणाला. "उचल."

पंचफुलानं हात पुढं केला. "हातात द्या."

"वैर येते."

"येऊ द्या. मी पायतो वैराचं काय करायचं ते."

तो थांबला. मग त्यानं चाकू उचलून, मिटलेला, तिच्या तळहातावर ठेवला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. तिला लागली. खिळा तिला तिथंच, त्याच जागी बोचला, आणि तिनं मूठ मिटली.

तो निघाला. गल्लीतून खाली, नर्सरीच्या फाटकासमोरून, पाण्याच्या टाकीकडे. टाकीपाशी वाट फुटते. डावीकडे फाटा, तिथून अमरावतीची बस. उजवीकडे बहिरम आणि डोंगर. पंचफुला वाटेच्या कडेला येऊन उभी राहिली. रात्रभर तिनं एवढंच डोळ्यांसमोर आणलं होतं, ही टाकी आणि ही दोन तोंडं. श्रावण टाकीपाशी पोचला. खिसा चाचपला. डावीकडे वळला.

पंचफुलानं श्वास सोडला, आणि तेव्हा तिची नजर खाली गेली. नर्सरीच्या फाटकासमोर पाटाचं पाणी वाटेवर येऊन चिखल झाला होता. त्या चिखलात श्रावणची उजवी चप्पल रुतून राहिली होती.

फाटकात रागिणी आणि दोघी बायका कामाला येऊन उभ्या होत्या. रागिणीनं चप्पल पाहिली आणि हसत हात वर करून ओरडली, "ओ श्रावणभाऊ! चप्पल राहिली ना!"

तो लांब होता. शब्द पोचले नसावेत. ती हात करून राहिली म्हणून त्यानंही वळून हात वर केला, आणि चालू लागला. टाकीच्या पुढं खुशालरावांनी कुंपणासाठी बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, आणून टाकले होते, आणि वाटभर त्यांचे काटे सांडले होते. तिथून गुरंही बाजूनं जात. श्रावण मधून गेला. त्याची चाल बदलली नाही. एक पाय चपलेचा, एक उघडा, दोन्ही सारखेच पडत होते.

रागिणीचं हसू थांबलं. वर केलेला हात तसाच राहिला.

पंचफुलानं चिखलातून चप्पल उपटली. एका हातात चप्पल, दुसऱ्यात मिटलेला चाकू, अशी ती त्याच्या मागं निघाली, टाकीवरून डावीकडे, काट्यांतून, वाटेवरच्या त्याच्या पावलांवर नजर ठेवून. एक ठसा चपलेचा होता. एक पायाचा, ओला. फाटकात उभ्या राहून तिघी बायका पाहत होत्या. पुढं जाणारा वळणाआड दिसेनासा झाला, मग मागून जाणारी.